जगाचे प्रश्न महाविद्यालयाच्या सभागृहात आणताना

पावसाळा सरत आला की विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर व्याख्यानांची पत्रकं लागू लागतात. 'हवामान बदल : एक जागतिक आव्हान', 'जागतिक शांतता आणि युवक', 'जागतिकीकरणाचे परिणाम'. विषय मोठे असतात, वक्तेही अभ्यासू असतात. तरी बऱ्याच ठिकाणी मागच्या रांगांत चुळबुळ चालते आणि 'कुणाला काही विचारायचं आहे का?' या वाक्यानंतर सभागृह गप्प होतं. मग विद्यार्थ्यांना रस नाही, असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला हे पटत नाही. दोष बहुतेक वेळा विषयाच्या निवडीत आणि आयोजनात असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

हा लेख प्राध्यापकांसाठी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी, वाङ्मय मंडळ आणि विविध मंडळं चालवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विद्यापीठाच्या आवारात होणाऱ्या व्याख्यानांना जाऊ इच्छिणाऱ्या नागरिकांसाठीही शेवटी काही सूचना आहेत.

महाराष्ट्राला व्याख्यानाची सवय जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. विद्यापीठाचं ज्ञान भिंतीबाहेर जावं म्हणून मुंबई आणि पुणे विद्यापीठांत बहिःशाल शिक्षणाचे विभाग उभे राहिले. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. जयकर यांच्या नावाने बहिःशालची व्याख्यानमाला संलग्न महाविद्यालयांत होते. तुमचं महाविद्यालय एखाद्या विद्यापीठाशी संलग्न असेल तर पहिलं काम हेच : आपल्या विद्यापीठात बहिःशालसारखी योजना आहे का, तिचं अर्थसाहाय्य कसं मिळतं आणि अर्जाची मुदत कधी आहे, याची चौकशी करा.

विषयाचं स्थानिक टोक शोधा

जागतिक प्रश्न म्हणजे दूरचा प्रश्न, ही समजूत आधी सोडावी लागते. असा प्रत्येक प्रश्न कुठे ना कुठे आपल्या जिल्ह्याला येऊन भिडलेला असतो. ते टोक सापडलं की निम्मं काम झालं.

निर्वासितांचा प्रश्न घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ अखेर जगभरात सुमारे १२ कोटी ३० लाख माणसं युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे घरदार सोडून विस्थापित झालेली होती, आणि त्यांतली बहुसंख्य आपल्याच देशाच्या हद्दीत होती. हा आकडा ऐकून श्रोता अवाक होतो, पण त्याच्या मनात प्रश्न उठतोच असं नाही. आता हाच विषय कोल्हापुरात मांडायचा आहे असं समजा. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सोव्हिएत संघाने पूर्व पोलंडमधून हाकलून नेलेली ही कुटुंबं इराणमार्गे भारतात पोहोचली होती. सुमारे ५००० माणसं, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुलं. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ही माणसं पांगल्यावर फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्याच जागी वसली आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे आणि वॉर्सात वळिवडे छावणीची आठवण जपणारं स्मारक आहे.

एकाच जागेने दोन निर्वासित समाज पाहिले. शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या कोणत्याही महाविद्यालयात 'निर्वासितांचे हक्क' हे व्याख्यान वळिवड्यापासून सुरू झालं, तर श्रोत्याला पुढचे प्रश्न आपोआप पडतात. तेव्हा त्यांना आसरा कुणी दिला? त्यांना परत का जाता आलं नाही? भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आजतागायत सही केलेली नाही, ती का? मग आपल्याकडे येणाऱ्या निर्वासितांना कोणता कायदा लागू होतो? इथून व्याख्यान खऱ्या अर्थाने चालू होतं.

प्रत्येक जिल्ह्यात असं टोक आहे. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तिथे पाण्याचं जागतिक संकट समजावून द्यायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. नाशिकच्या शेतकऱ्याला डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी चांगली आठवते. अन्नसुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय व्यापार हा विषय तिथे लासलगावच्या बाजारातून सुरू व्हावा. विदर्भात कापसाच्या जागतिक भावावर बोलताना अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दिलेला आणि जिंकलेला लढा सांगता येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांतले तरुण व्यापारी जहाजांवर आहेत. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांची बातमी तिथे घरची बातमी असते. २०२२ मध्ये युक्रेनहून परतलेले वैद्यकीय विद्यार्थी तर महाराष्ट्राच्या अनेक तालुक्यांत सापडतील.

एक कसोटी सांगतो. पत्रकावरच्या शीर्षकात एखादं ठिकाण, एखादं वर्ष किंवा एखादा स्पष्ट प्रश्न घालता येत नसेल, तर विषय अजून ठरलेला नाही असं समजा. 'निर्वासित समस्या : एक चिंतन' याऐवजी 'वळिवड्याने पाच हजार निर्वासितांना जागा दिली, आजचं जग का देत नाही?' असं शीर्षक लिहून पाहा.

तारीख : दिनविशेष की सोय?

संयुक्त राष्ट्रांच्या दिनदर्शिकेत जवळपास प्रत्येक विषयाला दिवस आहे. तो दिवस पाळण्याचा मोह होतो, पण आपलं शैक्षणिक वर्ष त्या दिनदर्शिकेप्रमाणे चालत नाही. जागतिक निर्वासित दिन २० जूनला येतो, तेव्हा प्रवेशांची धांदल असते. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला, म्हणजे सुट्टीत. जागतिक जल दिन २२ मार्चला, परीक्षांच्या तोंडावर. दिवस पाळला आणि श्रोते नाहीत, याला अर्थ नाही.

आपल्याकडे दोन काळ सोयीचे असतात : ऑगस्ट-सप्टेंबर आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. या काळात पडणारे उपयोगी दिवसही आहेत. २१ सप्टेंबर हा शांतता दिन, १८ डिसेंबर हा स्थलांतरितांचा दिवस, २१ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाला तुमच्या परीक्षा संपलेल्या असतील तर जरूर घ्या. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम करणाऱ्यांत पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या हंसा मेहता होत्या, हे विद्यार्थिनींना कळलं पाहिजे.

वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. ग्रामीण महाविद्यालयात दुपारी चारला ठेवलेलं व्याख्यान म्हणजे निम्म्या मुलींना दारातच अडवण्यासारखं आहे, कारण त्यांची शेवटची गाडी पाचला असते. तिथे सकाळी अकराची वेळ उत्तम. शहरात नागरिक यावेत अशी इच्छा असेल तर संध्याकाळी साडेपाच-सहा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात दुपारचं बौद्धिक सत्र असतंच. तिथे गावकरीही येतात. जागतिक विषयासाठी ती जागा फारशी कुणी वापरत नाही, तुम्ही वापरा.

वक्ता कसा निवडावा

नाव मोठं असण्यापेक्षा वक्त्याने त्या विषयावर स्वतः काम केलेलं असणं महत्त्वाचं. हवामानावर बोलायला पूररेषा आखणारा अभियंता, व्यापारावर बोलायला निर्यातदार शेतकरी कंपनीचा संचालक, निर्वासितांवर बोलायला इतिहासाचा संशोधक किंवा मानवी हक्कांचे खटले चालवणारी वकील. जिल्ह्यातच अशी माणसं असतात. शक्य असेल तर दोघांना बोलवा : एक विषयाचा अभ्यासक आणि एक तो प्रश्न प्रत्यक्ष झेललेला. दोघांची भाषणं सलग ठेवण्यापेक्षा एका विद्यार्थ्याने दोघांशी संवाद साधावा.

निमंत्रणाच्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा. नेमका प्रश्न कोणता, श्रोते कोण (कोणत्या वर्गाचे, किती, मराठी माध्यमाचे की मिश्र), भाषणाला किती मिनिटं, आणि मानधन व प्रवासखर्च किती. मानधनाचा विषय संकोचाने टाळला जातो आणि नंतर दोन्ही बाजूंना अवघड होतं. रक्कम लहान असली तरी आधी सांगावी. विनामानधन बोलवत असाल तर तेही आधी सांगावं.

परदेशी वक्ता असेल तर व्हिसाचा प्रकार आणि लागणाऱ्या परवानग्या यांची चौकशी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाकडे सुरुवातीलाच करा. दूरस्थ व्याख्यान हा सोपा मार्ग आहे, फक्त घड्याळ तपासा. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा वॉर्सात सकाळचे साडेअकरा असतात, पण न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेपाच. अमेरिकेतल्या वक्त्यासाठी आपली संध्याकाळी साडेसातची वेळ धरावी. दूरस्थ भाषण तीस मिनिटांपेक्षा लांबवू नका, आणि सभागृहात एक जाणकार प्राध्यापक प्रश्न पुढे नेण्यासाठी बसवा.

वक्ता इंग्रजीत बोलणार असेल तर गोषवारा आधी मागवून घ्या, त्याचा एक पानी मराठी सारांश करा आणि दारात वाटा. भाषणानंतर पाच मिनिटं कुणीतरी मराठीत मुद्दे मांडावेत. ज्यांना इंग्रजी येतं त्यांचंही यात नुकसान होत नाही. प्रश्न मराठीत विचारायला हरकत नाही, हे सुरुवातीलाच जाहीर करा.

आधीचे पंधरा दिवस

व्याख्यान पिकतं ते आधीच्या मशागतीवर. पंधरा दिवस आधी आठ-दहा विद्यार्थ्यांचा गट करा आणि त्यांना तीन कामं द्या.

पहिलं काम वाचनाचं. विषयावरचे दोन-तीन लेख आणि एक नकाशा ग्रंथालयाबाहेरच्या फलकावर लावा. नकाशा हवाच, पोलंड, इराण आणि कोल्हापूर एका रेषेने जोडलेले पाहिले की प्रवासाची लांबी समजते.

दुसरं काम शोधाचं. गटाने प्रत्यक्ष जाऊन माहिती आणावी. कोल्हापूरच्या उदाहरणात महावीर उद्यानातल्या स्मारकाला भेट देता येईल, गांधीनगरमधल्या ज्येष्ठांशी बोलता येईल, जिल्ह्याच्या जुन्या वर्तमानपत्रांची बाडं चाळता येतील. मिळालेल्या माहितीची चार-पाच भित्तिपत्रकं झाली की सभागृहाबाहेरचं प्रदर्शन तयार.

तिसरं काम प्रश्नांचं. गटाने किमान दहा प्रश्न लिहावेत आणि त्यांतले निवडक वक्त्याला आधी पाठवावेत. आपल्यासमोर कोण बसणार आहे हे वक्त्याला कळतं आणि भाषण त्या दिशेने वळतं.

कार्यक्रमाचा तास कुणाचा?

इथे मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. आपल्याकडे व्याख्यानाच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभार असा क्रम असतो. त्यातला प्रत्येक भाग आदरापोटी आला आहे. पण सगळे मिळून तासभर खातात, आणि वक्ता उभा राहतो तेव्हा श्रोते थकलेले असतात. शेवटी कात्री लागते ती प्रश्नोत्तरांना.

सकाळी अकराच्या कार्यक्रमासाठी हा क्रम वापरून पाहा :

११.०० ते ११.०५ – दीपप्रज्वलन आणि स्वागत. पाहुण्यांना फूल किंवा पुस्तक. बाकी सत्कार भोजनाच्या वेळी.

११.०५ ते ११.१० – विषयाची ओळख विद्यार्थ्याकडून. पाहुण्यांचा परिचय पत्रकावर छापलेला असावा, वाचू नये.

११.१० ते ११.५५ – व्याख्यान.

११.५५ ते १२.३० – प्रश्नोत्तरं.

१२.३० ते १२.३५ – समारोप आणि आभार एकत्र.

प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी यांना हा क्रम आधी दाखवा आणि कारण सांगा. विद्यार्थ्यांच्या हितासाठी आहे म्हटल्यावर बहुतेक जण मान्य करतात.

प्रश्नोत्तरांसाठी चिठ्ठ्या आणि माइक दोन्ही ठेवा. लाजणारी मुलं चिठ्ठीवर चांगले प्रश्न लिहितात. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा, दुसरा विद्यार्थिनीचा आणि मग इतरांचा, असा नियम ठेवला तर ज्येष्ठ श्रोत्यांच्या लांबलेल्या भाष्यात वेळ जात नाही. एका प्रश्नाला एक मिनिट.

युद्ध, धर्म, सीमा अशा तापलेल्या विषयांना घाबरून ते टाळू नयेत; विद्यापीठात त्यांवर बोलायचं नाही तर कुठे बोलायचं? मात्र सूत्रसंचालकाने सुरुवातीला तीन नियम सांगावेत : प्रश्न मताला असावा, माणसाला नाही, कोणत्याही समाजाबद्दल सरसकट विधान चालणार नाही, आकडा सांगितला तर तो कुठून आला ते सांगावं. विषयाला दोन गंभीर बाजू असतील तर दुसरी बाजू त्याच कार्यक्रमात किंवा पुढच्या आठवड्यात मांडली जाईल, अशी व्यवस्था करा आणि ती जाहीर करा.

सांस्कृतिक कार्यक्रम विषयाला धरून असावा

व्याख्यानाला जोडून गाणं, नाटक, चित्रपट, खाद्यपदार्थ ठेवले की माणसं येतात आणि विषय मनात रेंगाळतो. पण देशोदेशीचे पोशाख घालून मंचावरून फिरण्याने त्या देशाचा प्रश्न कळत नाही. कलेची निवड विषयातून झाली पाहिजे. निर्वासितांच्या दिवशी सिंधी कुटुंबांकडून त्यांची गाणी ऐकता येतील, घर सोडताना माणसं काय बरोबर घेतात यावर विद्यार्थ्यांचं पथनाट्य होऊ शकेल. पाण्याच्या विषयावर शाहिराकडून नवा पोवाडा लिहून घ्या. चित्रपट दाखवला तर त्यानंतर अर्धा तास चर्चा ठेवा.

मदतीला संस्था आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. पुण्या-मुंबईत जर्मन भाषेसाठी मॅक्स म्युलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहेत. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आलेले परदेशी विद्यार्थीही आपल्या विद्यापीठांत शिकतात. त्यांना कलाकार म्हणून नाचायला बोलावण्याआधी विचारवंत म्हणून बोलायला बोलवा.

चित्रपटाबाबत एक कायदेशीर बाब लक्षात ठेवा. शैक्षणिक संस्थेत केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्तींपुढे होणाऱ्या सादरीकरणाला १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात काही सवलत आहे. कार्यक्रम सर्व नागरिकांना खुला केला की ती धरता येत नाही. मग चित्रपटाच्या हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद ठेवावा लागतो.

ज्यांनी सोसलं आहे त्यांना बोलावताना

युद्धग्रस्त देशातला विद्यार्थी, पुरात घर गमावलेली बाई, फाळणी पाहिलेले आजोबा, यांना बोलावणं ही मोठी जबाबदारी आहे. काय सांगायचं आणि काय नाही हे त्यांनी ठरवावं. कोणते प्रश्न नकोत, ते आधी विचारून घ्या आणि सूत्रसंचालकाने ते अडवावेत. छायाचित्र, चित्रीकरण आणि समाजमाध्यमांवरचं प्रसारण यांची परवानगी वेगवेगळी आणि लेखी घ्या; परदेशी विद्यार्थ्याच्या घरच्यांना त्याच्या एका वाक्यामुळे मायदेशात त्रास होऊ शकतो. कुणी ऐनवेळी नको म्हणालं तर एका शब्दाने आग्रह करू नका. आणि त्यांनाही वक्त्याइतकंच मानधन द्या.

कार्यक्रमानंतर

अहवाल आणि छायाचित्रं नॅकच्या फायलीला लागतातच. ती जरूर ठेवा. पण व्याख्यान टिकतं ते छापल्यामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानमालेत संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर भाषण केलं. ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालं, म्हणून आजही अभ्यासता येतं. तुमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात भाषणाचा सारांश, विद्यार्थ्यांनी गोळा केलेली स्थानिक माहिती आणि निवडक प्रश्नोत्तरं अशी दहा पानं राखून ठेवा. ध्वनिमुद्रण ग्रंथालयात ठेवा. आठवड्याभरात गट पुन्हा बसवा आणि ठरवा, यापुढे काय वाचायचं, कुठे जायचं.

श्रोता म्हणून जाताना

विद्यापीठ म्हणजे परीक्षा आणि पदव्या, असं समजून अनेक नागरिक त्या आवारात पाऊल ठेवत नाहीत. पण अनेक व्याख्यानं सर्वांसाठी खुली असतात. गोवा विद्यापीठाने तर अभ्यागत संशोधन अध्यासनांतर्गत होणारे अभ्यासक्रम बाहेरच्या नागरिकांनाही खुले केले. दामोदर कोसंबी यांच्या नावाच्या अध्यासनावर पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ होते. जवळच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा सूचनाविभाग महिन्यातून एकदा पाहा, विभागांत फोन करून विचारा. जाताना ओळखपत्र बरोबर ठेवा, विषयावर एखादा लेख वाचून जा, वही न्या आणि एक प्रश्न लिहून न्या. घरातल्या शाळकरी मुलाला बरोबर घेऊन गेलात तर फारच चांगलं.

जगात जे घडतं त्याची किंमत आपल्या शेतात, आपल्या नळाला आणि आपल्या मुलांच्या नोकरीत मोजावी लागते, तर त्याचा विचार करण्याचा हक्कही आपला आहे. तो दिल्लीतल्या आणि न्यूयॉर्कमधल्या सभागृहांवर सोडून चालणार नाही. येत्या सत्रासाठी एकच विषय निवडा, त्याचं आपल्या जिल्ह्यातलं टोक शोधा, एक तारीख ठरवा आणि प्रश्नोत्तरांची पस्तीस मिनिटं कुणालाही देऊ नका.